आवासाचा हिशेब, रेजाची रोजी

प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. डोंगराळ भागात आणि खास यादीतल्या जिल्ह्यांत १ लाख ३० हजार. २०१६ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा हेच आकडे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२८-२९ पर्यंतच्या आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली, तेव्हाही आकडे जागचे हलले नाहीत. याच काळात मध्य प्रदेशातला रोजगार हमीचा रोज १६७ रुपयांवरून (२०१६-१७) २६१ रुपयांवर (२०२५-२६) गेला. त्याच पटीत घराची रक्कम वाढली असती तर २०२५-२६ मध्ये ती १ लाख ८७ हजारांच्या आसपास असती. मजुराचा रोज वाढवावा लागतो हे सरकारला मान्य आहे. मग त्या मजुराच्या हातून उभं राहणारं घर जुन्याच पैशात कसं उभं राहील?

*

एका घराचा हिशेब मांडून पाहतो. भाव माझ्या अंदाजाचे आहेत, गावागावांत थोडेफार मागेपुढे होतील.

योजनेचं किमान घर २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. विटा ८ हजार, ६ रुपये नगाने ४८ हजार. सिमेंट १०० बॅगा, ३५० रुपयांनी ३५ हजार. सळई ५ क्विंटल, ३० हजार. एवढ्यातच १ लाख १३ हजार झाले. रेती, गिट्टी, पायव्यात भरायचा मुरूम, दार, खिडक्या, सेंट्रिंग, वायरिंग अजून धरलेलंच नाही.

आता मजुरी. मिस्त्रीचे ३५ दिवस, ७०० रुपये रोजाने साडेचोवीस हजार. हाताखालच्या माणसांचे ९० रोज, ४०० रुपयांनी ३६ हजार. दोन्ही मिळून साडेसाठ हजार.

बेरीज १ लाख ७३ हजार ५००. हातात काय येतं? १ लाख २० हजार, रोजगार हमीचे ९० दिवस म्हणजे २३ हजार ४९०, आणि शौचालय आधी मिळालेलं नसेल तर १२ हजार. एकूण १ लाख ५५ हजार ४९०. रेतीची पहिली ट्रॉली यायच्या आतच १८ हजारांचा खड्डा पडला.

हा खड्डा कशातून बुजतो ते पाहिलं पाहिजे. सळईचा भाव लोखंडाच्या बाजारात ठरतो. सिमेंटच्या दुकानात घासाघीस करून बॅगेमागे पाच-दहा रुपये सुटले तर सुटले. वीटभट्टीवाला आधी पैसे घेतो, मग ट्रॅक्टर भरतो. साऱ्या यादीत एकच ओळ अशी आहे जी माणसाच्या तोंडाकडे पाहून कमी करता येते, ती मजुरीची. म्हणून प्रत्येक वेळी तीच कमी होते.

*

मजुरीतही कोणाची कमी होते हा पुढचा प्रश्न.

मध्य प्रदेश सरकारने एप्रिल २०२४ पासून किमान वेतनाचे नवे दर लावले. अकुशल कामगाराला महिन्याला ११,८००, कुशल कामगाराला १४,५१९. महिन्याचे २६ दिवस धरले तर अकुशलाला रोज सुमारे ४५४ रुपये आणि कुशलाला ५५८. मिस्त्रीला ठिय्यावर ७०० मिळत असतील तर तो या रेषेच्या वर आहे. त्याच्यासारखा हात सहज मिळत नाही, त्यामुळे तो आपला भाव सांगू शकतो. रेषेखाली राहते ती घमेलं उचलणारी रेजा.

वरच्या हिशेबातल्या ४०० ऐवजी तिला प्रत्यक्षात ३०० रुपये देत असतील असं धरू. ९० रोजांचे २७ हजार झाले. कायद्याच्या २०२४ च्या दराने ४० हजार ८६० व्हायला हवेत. फरक १३ हजार ८६० रुपये. म्हणजे एका घरावर मजुरांना न्याय द्यायचा तर चौदा हजारांच्या आत काम भागतं, घराच्या एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. रास्त मजुरी दिली तर गरिबाचं घर परवडणार नाही, असं बोलणाऱ्यांनी आधी हा आकडा मांडून पाहावा.

*

रिझर्व्ह बँकेच्या राज्यनिहाय आकडेवारीच्या पुस्तिकेत ग्रामीण भागातल्या पुरुष बांधकाम मजुराचा सरासरी रोज दिलेला असतो. २०२२-२३ साठी देशाची सरासरी ३९३ रुपये, केरळ ८५२, मध्य प्रदेश २७८. मोठ्या राज्यांत आपलं राज्य तळाला. आणि हा आकडा पुरुषांचा आहे.

*

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याहून महाराष्ट्रातल्या नरखेडला जाणारा मिस्त्री सकाळी डबा बांधून निघतो, संध्याकाळी घरी येतो. मधे राज्याची सीमा आहे, पण बोली एक, देवधर्म एक, सोयरीक दोन्हीकडची. सौंसरच्या माणसाला सावनेर तेवढंच जवळ. कळमेश्वर-नागपूरची मोठी कामं तर आहेतच.

पलीकडे त्याच केंद्रीय योजनेच्या घराला महाराष्ट्र सरकारने २०२५ पासून आपल्या तिजोरीतून ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी. रोजगार हमीचा तिकडचा रोज २०२५-२६ साठी ३१२ रुपये, म्हणजे ९० दिवसांचे २८ हजार. सगळं मिळून २ लाख १० हजार. इकडे १ लाख ५५ हजार. १ लाख ३० हजारवाल्या यादीतलं गाव असलं आणि तिथले ९५ दिवस धरले तरी १ लाख ६७ हजारांच्या पुढे जात नाही.

विटा त्याच, सिमेंट तेच, मिस्त्रीसुद्धा तोच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मध्य प्रदेशात राहिले. भाषेच्या अंगाने त्यावर पुष्कळ बोललं गेलं. रोजीच्या अंगानेही बोललं पाहिजे. मध्य प्रदेशात राहिल्याने इथल्या मजुराचा सरकारी रोज शेजाऱ्यापेक्षा ५१ रुपयांनी कमी आणि त्याचं घर चाळीस-पन्नास हजारांनी उणं असावं, याला कोणतंही कारण पुरेसं नाही.

याचा एक परिणाम उघड दिसतो. चांगला मिस्त्री सीमेपलीकडे जातो, आणि इकडच्या आवासाच्या कामाला शिकाऊ हात उरतात. भिंत ओळंब्यात नसते, स्लॅबला पुरेसं पाणी मारलेलं नसतं. दोन पावसाळ्यांत छत झिरपायला लागतं. स्वस्त मजुरीचा हा खर्च घरमालक पुढे वर्षानुवर्षे भरत राहतो.

*

खेड्यातलं एवढं, शहरातलं वेगळं. पांढुर्णा आणि सौंसर नगरपालिकांच्या हद्दीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला शहरी योजनेतून अडीच लाख मिळतात, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. हद्दीच्या दगडापलीकडच्या वस्तीत त्याच्या निम्मे. वीटभट्टीचा ट्रॅक्टर मात्र दोन्हीकडे एकाच भावाने रिकामा होतो.

*

उधारी कोण देतो? हे टिपण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

योजनेचे पैसे हप्त्याहप्त्याने थेट खात्यात येतात. पायवा झाला की फोटो, भिंती वर गेल्या की फोटो, छत पडलं की फोटो. जागेची खूण लावलेला फोटो चढवला, जनपद पंचायतीत तो मंजूर झाला, की पुढचा हप्ता. पैसा दलालाच्या हाती पडू नये म्हणून केलेली ही व्यवस्था चांगली आहे. आधीच्या इंदिरा आवास योजनेच्या काळात काय काय झालं हे ज्यांनी पाहिलं ते तिला नावं ठेवणार नाहीत.

पण पहिला सोडला तर हप्ता काम झाल्यावर येतो, आणि काम करायला पैसा आधी लागतो. रोजगार सहायक दुसऱ्या गावी आहे, नेटवर्क नाही, खात्याला आधार जोडलेला नाही, वरून निधीच आलेला नाही, अशा कारणांनी हप्ता महिना-दोन महिने लांबतो. मधल्या काळात सिमेंटचं दुकान थांबत नाही आणि भट्टीही थांबत नाही. थांबतात मिस्त्री आणि रेजा. त्यांचा चुकारा 'पुढच्या हप्त्यात' जातो. ज्या बाईच्या घरात आठवड्याचं तेल-मीठ बाजाराच्या दिवशीच्या रोजीवर येतं, ती बाई सरकारी घराला बिनव्याजी भांडवल पुरवते. व्याज तीच भरते, किराणा दुकानात किंवा बचत गटात.

योजनेत ठेकेदार लावायला मनाई आहे, लाभार्थ्याने स्वतः घर बांधायचं असा नियम आहे. प्रत्यक्षात घरमालक मिस्त्रीला चौरस फुटाने किंवा अंगावर काम देतो. मिस्त्री आपली माणसं आणतो. हप्ता अडला की घरमालक मिस्त्रीला थांबायला सांगतो, मिस्त्री रेजाला सांगतो. रेजाला पुढे सांगायला कोणी नसतं.

यात घरमालकाला खलनायक करता येत नाही. तोही मजूरच आहे. यंदा त्याच्या घराचं काम आहे म्हणून तो मालक झाला, पुढच्या वर्षी त्याची बायको दुसऱ्याच्या स्लॅबवर घमेली वाहील. दोन गरिबांमध्ये हा वाद लावून देणारी रक्कम वरून ठरून येते.

*

नव्वद दिवस.

योजनेत घरामागे ९० दिवसांचा अकुशल रोजगार धरलेला आहे. तो रोजगार हमीच्या हजेरीपटावर घरमालकाच्या कुटुंबाच्या जॉब कार्डात चढतो. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव घालायचं तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याची नोंद लागते. म्हणजे एका आवासाच्या कामात एका रेजाला मंडळाची पात्रता मिळण्याएवढे दिवस असतात. पण ज्या रेजाने दुसऱ्याच्या घरावर काम केलं, तिचं नाव हजेरीपटावर कुठेच नसतं. तिचे दिवस दुसऱ्याच्या कार्डावर लिहिले गेले.

मंडळाचा पैसा कुठून येतो तेही पाहण्यासारखं आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला, मध्य प्रदेशाचं मंडळ २००३ मध्ये झालं. माणसाने स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेलं १० लाखांपर्यंतचं घर उपकरातून सुटलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात ही मर्यादा ५० लाखांवर नेली. गरिबाच्या घरावर उपकर नको हे बरोबरच आहे. पण आपल्या छोट्या तालुक्यांत ५० लाखांच्या आतच जवळजवळ सगळी घरं येतात. रेजा आयुष्यभर अशाच घरांवर राबते. तिच्या कष्टातून मंडळात काही जमा होत नाही, आणि तिच्या नावाची नोंदही होत नाही.

याला खर्चिक उपाय लागत नाही. ग्रामपंचायतीने आवासाच्या प्रत्येक फाईलला एक पान जोडावं: या घरावर कोणी किती दिवस काम केलं. घरमालकाची सही, मिस्त्रीची सही, पंचायतीचा शिक्का. फोटो काढायला माणूस जातोच, तो हे पानही आणू शकतो.

*

किमान वेतनाचे दर कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त पाच वर्षांत बदलायचे असतात. मध्य प्रदेशात २०१४ नंतर ते २०२४ मध्ये बदलले. बदलले आणि लगेच मे महिन्यात उद्योगांकडून आलेल्या याचिकेवर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्थगिती दिली. ती डिसेंबर २०२४ मध्ये उठली. दहा वर्षं वाट पाहून मिळालेली वाढ पुन्हा सहा-सात महिने अडकली. सौंसर तालुक्यातल्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातल्या कामगाराला निदान हे कळलं तरी. पांढुर्ण्याच्या जाम नदीकाठच्या वस्तीत घमेलं वाहणाऱ्या बाईपर्यंत दर वाढल्याची बातमीच पोचत नाही.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याचं विधेयक एप्रिल १९४६ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं होतं. त्या कायद्याच्या परिशिष्टात इमारतींचं बांधकाम पहिल्यापासून होतं. म्हणजे 'बांधकामाला किमान वेतन लागू नाही' हे कोणी म्हणूच शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम म्हणजे वेठबिगार, राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध. पुढच्याच वर्षी राजस्थानच्या खटल्यात दुष्काळी कामांनाही तेच लागू केलं. तरी रोजगार हमीच्या कायद्यात केंद्राला किमान वेतन बाजूला ठेवून दर ठरवायची मोकळीक राहिली. म्हणून एकाच राज्यात एकाच वर्षी अकुशल कामाला एका कागदावर ४५४ आणि दुसऱ्यावर २४३ (२०२४-२५ चा रोजगार हमी दर) असे दोन आकडे दिसले. सरकार स्वतः २४३ देत असेल तर गावातल्या घरमालकाला ४५४ द्यायला कोण आणि कोणत्या तोंडाने सांगणार?

*

कामाचे महिने. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमारीची जत्रा झाली, की पाऊस ओसरायची वाट. मग सोयाबीनची कापणी, मागोमाग कापसाची वेचणी, संत्र्याची तोडणी. या दिवसांत बाईला शेतात काम मिळतं आणि बांधकामावर रेजा मिळत नाही, तेव्हा तिचा रोज आपोआप चढतो. होळीनंतर उन्हाळ्यात बांधकामं जोरात येतात, पण शेतात काम नसतं, हात रिकामे असतात, आणि रोज उतरतो. सगळ्यात जड काम, सगळ्यात कडक ऊन आणि सगळ्यात कमी रोज एकाच वेळी येतात. आवासाचे हप्ते दसऱ्यानंतर लगेच सुटले तर काम वर्षभर पसरेल, आणि मे महिन्याच्या उन्हात स्लॅब टाकायची घाई राहणार नाही. स्लॅबलाही ते बरं, माणसालाही.

*

स्वस्त वस्तू की रास्त मजुरी, हा वाद आपल्या भागात नवा नाही. १९३५ मध्ये वर्ध्याला चरखा संघात हाच वाद झाला होता. सूत कातणाऱ्या बायांना दिवसभराच्या कताईचे इतके थोडे पैसे मिळत की त्यात एका माणसाचंही पोट भरत नसे. गांधीजींनी म्हटलं, आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत. कार्यकर्ते घाबरले. खादी आधीच गिरणीच्या कापडापेक्षा महाग, मजुरी वाढवली तर ती घेईल कोण? गांधीजींचं म्हणणं असं की गरिबांच्या नावाने चालणारी संस्थाच गरिबाला पोटापुरतं देत नसेल तर ती चालवायची कशाला. आठ आण्यांचा आकडा काही गाठता आला नाही, बराच खाली ठरला. पण किमान मजुरीचा ठराव झाला, आणि त्याबरोबर दुसरं कामही हाती घेतलं गेलं: कातणाऱ्यांना चांगली पिंजण, चांगला पेळू आणि चांगलं सूत काढायला शिकवणं. त्याच वर्षांत विनोबा वर्ध्याजवळ नालवाडीला कताईच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग करत होते. दर ठरवणाऱ्याने त्या दरात जगून पाहावं, इतका सरळ तो प्रयोग होता.

घरकुलाला हे जसंच्या तसं लागू पडतं. ही गरिबांसाठीची सरकारची सर्वांत मोठी घरबांधणी योजना आहे. तिच्यात तरी मजुरीला हात लावायचा नाही, आणि बचत करायची ती कौशल्यातून आणि साहित्यातून करायची.

*

साहित्यातून बचत कशी? केरळमध्ये वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी कित्येक वर्षं हेच करून दाखवलं. विटा आडव्या न ठेवता उभ्या लावून मधे पोकळी सोडायची, म्हणजे नऊ इंची भिंतीत साधारण चौथा हिस्सा विटा वाचतात आणि घर थंडही राहतं. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटचं काम नसतं, तिथे जुनी कौलं बसवायची, म्हणजे सिमेंट आणि सळई वाचते. आपल्याकडे जुन्या घरांवरून उतरवलेली कवेलू ढिगाने पडून असतात.

माझ्या हिशेबातल्या ८ हजार विटांत २ हजार वाचल्या तर १२ हजार रुपये सुटतात. अशा बांधणीला मिस्त्रीचा हात मुरलेला लागतो आणि दिवसही थोडे जास्त लागतात. लागू देत. भट्टीला जाणारे पैसे मिस्त्रीला आणि रेजाला जातील, आणि गावातच राहतील. बेकर यांच्या कामाचं मर्म हेच होतं: कारखान्यातून येणाऱ्या मालावर कमी खर्च करा, माणसाच्या हातावर जास्त करा.

कोराडी आणि खापरखेडा इथल्या वीजकेंद्रांची राख सौंसरपासून फार लांब नाही, उत्तरेला सारणीची आहे. राखेच्या विटांचं कारखानदारीपुरतं काम चालू आहे, पण आवासाच्या घरापर्यंत ती वीट माफक भावात पोचवायची जबाबदारी कोणी घेतलेली नाही. जनपद पंचायतीने गावच्या महिला गटांना यंत्र आणि राखेचा पुरवठा जोडून दिला तर इथेही रोजी निघेल.

ग्रामीण मिस्त्री प्रशिक्षणाची तरतूद योजनेत आहेच. प्रत्यक्ष घर बांधता बांधता ४५ दिवसांचं शिक्षण आणि शेवटी प्रमाणपत्र. झारखंडमध्ये प्रशिक्षण घेऊन बायका मिस्त्री झाल्या, तिथे त्यांना 'रानी मिस्त्री' म्हणतात. रेजाची रोजी वाढवायचा सर्वांत टिकाऊ मार्ग हाच आहे. वीस वर्षं गिलाव्याचा माल कालवणाऱ्या बाईला माल कसा असावा हे कोणाही शिकाऊ मिस्त्रीपेक्षा जास्त कळतं. तिच्या हातात थापी द्यायची बाकी आहे.

*

बेकर यांच्या केरळचा दुसरा धडा. तिथे 'लाइफ मिशन'मध्ये राज्य सरकार घरामागे ४ लाख देतं, केंद्राचा वाटा त्यातच मोडतो. देशात बांधकाम मजुराचा सर्वांत जास्त रोज केरळमध्ये, आणि तिथेही गरिबाचं घर उभं राहतं. रोज जास्त असला की गरिबाचं घर थांबतं हे म्हणणं तिथे टिकत नाही. घर थांबतं ते रकमेमुळे.

*

आपल्याच भागातला पुरावाही आहे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या पातालकोटच्या भारिया लोकांसाठी २०२३ च्या पीएम जनमन योजनेत घराला २ लाख धरले गेले, रोजगार हमी आणि शौचालय धरून केंद्राच्या आकड्याप्रमाणे २ लाख ३९ हजार. दुर्गम जागा आहे, वाहतूक महाग आहे, ही वाढ रास्तच. पण यातून हेही सिद्ध होतं की १ लाख २० हजारांत घर होत नाही हे सरकारला ठाऊक आहे. संसदेच्या ग्रामविकास स्थायी समितीनेही ही रक्कम वाढवण्याची शिफारस केलेली आहे.

*

सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. करासह ३५० ची बॅग पूर्ण सूट मिळाली तर ३२३ च्या आसपास पडावी. १०० बॅगांना सत्तावीसशे रुपये. ही सूट घरापर्यंत पोचली की दुकानातच राहिली हे पाहायला ग्रामसभेत दोन पावत्या शेजारी ठेवल्या तरी पुरे.

*

पांढुर्णा जिल्हा होणार ही घोषणा २४ ऑगस्ट २०२३ ला जामसावळीत तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी केली, आणि त्या ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून जिल्हा झालाही. जून २०२४ पासून चौहान केंद्रात ग्रामविकास मंत्री आहेत. घरकुलाचं आणि रोजगार हमीचं, दोन्ही कामं त्यांच्याकडे. हा भाग त्यांना चांगला माहीत आहे, त्यामुळे मागणी कोणाकडे करायची हा प्रश्न उरत नाही.

मागणी अशी असावी. घराची रक्कम रोजगार हमीच्या दराबरोबर दर वर्षी वाढावी. मध्य प्रदेश सरकारने महाराष्ट्रासारखी आपली भर घालावी, आणि त्यातला मजुरीचा भाग वेगळा काढून काम करणाऱ्याच्या खात्यात टाकावा. पायव्याचा हप्ता काम सुरू व्हायच्या आधी पूर्ण मिळावा.

तोवर जे आपल्या हातात आहे ते आपण करू या. पांढुर्णा-सौंसरमध्ये ज्यांच्या घराचं काम यंदा निघणार आहे त्यांना एवढी विनंती: मिस्त्रीशी बोली करताना रेजाचा रोज किती ते वेगळं बोलून घ्या, तिचा चुकारा दर बाजाराच्या दिवशी तिच्या हातात द्या, आणि काम संपलं की तिने किती दिवस काम केलं ते एका कागदावर लिहून सही करून तिला द्या.